तीन तारा, एक मोटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेत सगळ्यांनी 'सरळमार्गी माणूस, सरळमार्गी माणूस' म्हणून भाषणं ठोकली, तेव्हाही मी मान खाली घालून हार घालून घेतला. लोकांना वाटलं, लाजतोय. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, रतनलाही ओळखत नाही, म्हणून असेल. धीट वगैरे झालोय, असं समजू नका.

मी चित्रकला शिक्षक. पुढे साक्रीला नोकरी लागली, तिथेच आयुष्य गेलं. पण ही गोष्ट त्याआधीची, नव्वदीच्या सुरुवातीची, अमळनेरची. धुळ्याहून चित्रकलेची पदविका घेऊन परत आलो होतो, नोकरीचा पत्ता नव्हता. स्टँडजवळ एक टपरीवजा दुकान घेऊन पाट्या रंगवायचो. किराणा दुकानांची शटरं, ट्रकच्या मागची कमळं, केळीच्या वखारींची नावं. सगळे मला 'पेंटर' म्हणायचे आणि मला त्या शब्दाचा राग यायचा. मी कलाकार होतो ना! निदान तसं मला वाटायचं. आता हसू येतं. तेव्हा मात्र ते फार दुखायचं.

अशात शिरीष दुकानात आला. बापाची तेलाची गिरणी, अंगात चामड्याचं जाकीट — आमच्या उन्हाळ्यात! — आणि मुंबईहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार. त्याने नि त्याच्या दोन मित्रांनी रॉक बँड काढला होता. अमळनेरात बँड म्हटलं की लोकांना वरातच आठवायची, त्यामुळे 'रॉक' हा शब्द ते तिघं जरा जास्तच जोर देऊन म्हणायचे. बँडचं नाव 'थ्री फेज'. शेतात थ्री फेजची लाइट आली की माणूस ताटावरून उठून मोटर चालू करायला पळतो, तसं आमचं गाणं ऐकून लोक उठले पाहिजेत, असं शिरीष म्हणाला. नाव मला आवडलं. त्याला लोगो हवा होता. ड्रमच्या समोरच्या पानावर, म्हणजे ताणलेल्या चामड्यावर, मागच्या पडद्यावर, टी-शर्टवर, उद्या कॅसेट निघाली तर तिच्यावरही. खाली कोपऱ्यात माझी सही.

माझी सही! ट्रकच्या कमळाखाली कोण सही करू देतं?

आता रतन. रतन त्यांचा ड्रमर. त्याचे वडील नाना गावातले नावाजलेले बँडवाले, लग्नातले. घरात तीन पिढ्यांचं वाजवणं. ड्रमसेट विकत घ्यायचा तर मुंबईला जावं लागलं असतं, म्हणून रतनने घरच्या वाद्यांतूनच तो जमवला होता. आजोबांच्या वेळचा मोठा ढोल आडवा ठेवला, त्याला पायाने मारायचं पेडल वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं, बापाच्या झांजा लोखंडी दांड्यांवर चढवल्या. आणि वाजवायचा कसा, सांगू? बाकीचे तिघं बरे होते. रतन वाजवायला लागला की ते तिघं चांगले वाटायचे. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

तरी शिरीष मला त्या दिवशी म्हणाला, "लोगोत तिघंच दाखव." पुण्याला शिकणारा त्याचा मावसभाऊ स्वतःचा ड्रमसेट घेऊन यायचा होता, पण जळगावची स्पर्धा झाल्यावर. तोवर रतन. कॉलेजात एकदा वाजवायला बसल्यावर मागून कुणीतरी ओरडलं होतं — नवरदेवाची घोडी कुठंय? सगळं कॉलेज हसलं होतं. ते शिरीषच्या मनाला लागलं होतं. रतनच्या नाही, रतन तर स्वतःही हसला होता. "त्याला बोलू नकोस हां," शिरीष जाता जाता म्हणाला. "ऐनवेळी सोडून गेला तर ड्रमही जाईल."

मी बोललो नाही. पण हा माझा गुन्हा नाही, म्हणजे हाच नाही. इतकं तर पुष्कळ लोक करतात.

मी लोगो काढला. एक जाड गोल, त्यात वरून शिरणाऱ्या तीन वेड्यावाकड्या तारा, विजेसारख्या. लाल, पिवळी, निळी. गोल कशाचा? कशाचाच नाही. ड्रमचं पान गोल असतं म्हणून काठाला गोल. बाकी काही डोक्यात नव्हतं, हे लक्षात ठेवा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी रतन ढोलाचं पान घेऊन आला. रंग पातळ लाव, जाड लावलास तर चामडं बसेल, आवाज मरेल, असं त्याने मला बजावलं. मग रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून कच्चं चित्र बघत राहिला.

"भाऊ, आपन चार जन शेतस ना?" तो म्हणाला. "तारा तीनच का बरं? मी कोठे शे यामा?" म्हणजे, यात मी कुठे आहे.

त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला माहीत होतं. त्यांच्या घरची एक रीत होती. दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली की नाना ताटात विडे मांडायचे. ज्याने विडा उचलला, तो त्या लग्नसराईला बांधला गेला. ज्याने उचलला नाही, त्याने त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, मग तो पोटचा पोरगा का असेना. स्पर्धा ऐन लग्नाच्या तिथींत होती. विडा उचलला तर जळगाव गेलं, नाही उचलला तर बाप गेला. आणि रतनला कुठेतरी शंका आलीच होती. ती विचारायला तो माझ्याकडे आला. शिरीषकडे नाही — माझ्याकडे. मी त्याच्यातला होतो, पाट्या रंगवणारा.

मी एवढंच म्हणायचं होतं, रतन, विडा उचल. कारणही सांगायची गरज नव्हती. त्याने ऐकलं असतं.

पण रतन गेला असता तर ढोल गेला असता, स्पर्धा गेली असती, आणि कोपऱ्यातली सही गेली असती. हे मी त्या वेळी अगदी स्वच्छ बघितलं. घाईत तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येत नाही. मी ब्रश खाली ठेवला, त्या गोलावर बोट ठेवलं आणि हसून म्हणालो, "अरे, ही मोटर. तीन तारा आल्या, पण मोटरच नसली तर पाणी कोण काढणार? मोटर म्हणजे तू."

काय सुचलं बघा मला! शाळेत इतकी वर्षं मुलांना कल्पनाशक्ती शिकवली, पण इतकं चांगलं मला आयुष्यात दुसरं काही सुचलं नाही. रतनचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. "मंग मी विडा नही उचलस," तो म्हणाला. "सगळा लोके ही मोटर देखतीन, ना भाऊ?"

दुसऱ्या दिवशी पूजेला मी गेलो होतो. सगळ्यांनी विडे उचलले, एक ताटात राहिला. नानांनी आवाज चढवला नाही. आजोबांचा ढोल उचलून रतनच्या पायाशी आणून ठेवला आणि म्हणाले, "हाऊ ढोल तुना. आते घर ये नको." मी प्रसाद खाल्ला आणि दुकानात येऊन ते पान रंगवलं. रंग पातळ लावला.

जळगावात ते भन्नाट वाजले. मी पहिल्या रांगेत होतो. प्रत्येक ठोक्याला माझा लोगो थरथरायचा, लोक बोट दाखवायचे, आणि मी सुखाने वेडा झालो होतो. रतन पानाच्या मागे बसलेला. त्या सभागृहात तो लोगो न दिसणारा तो एकटाच होता. स्पर्धा संपल्यावर बाहेर चहाच्या गाडीपाशी शिरीषने त्याला सांगितलं, की आता मावसभाऊ वाजवणार. मी लांबून पाहिलं आणि अमळनेरच्या गाडीत आधीच जाऊन बसलो.

दोन-चार दिवसांनी तो दुकानात आला. ओरडला नाही. फक्त विचारलं, "तुले माहीत व्हतं का, भाऊ?"

मी म्हणालो, "नही रे." आणि वर शिरीषला एक शिवी घातली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुले बी फसाडं त्यासनी, असं काहीतरी पुटपुटला. त्यालाच माझी दया आली!

तो सुरतला गेला, कापडाच्या लूमवर. नाना गेले तेव्हा त्याला निरोप उशिरा पोचला. तो आला तोवर राख सावडून झाली होती. गावभर लोक सांगत होते, नानांना त्यांच्या बँडने वाजवत नेलं, पण मोठा ढोल नव्हता. शिरीषचा बँड वर्षभरात बंद पडला. माझ्या लोगोचा एक फोटो नोकरीच्या अर्जासोबत जोडला होता. मुलाखतीत त्याचं कौतुक झालं. साक्रीची नोकरी मला लागली.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अमळनेरला गेलो होतो. रतन सुरतहून कायमचा परतलाय असं कळलं, म्हणून त्याच्या घरी गेलो. का गेलो? सांगायलाच गेलो होतो — म्हणजे निघताना तरी तसंच ठरवलं होतं. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेलेत. अगदी जवळ जाऊन ओरडलं तर थोडं ऐकू येतं, नाहीतर तो ओठांकडे बघतो. भिंतीवर ते पान टांगलेलं होतं. पिवळा रंग उडालाय, लाल-निळा आहे. माझी सही आहे.

त्याने मुलीला हाक मारली, माझी ओळख करून दिली. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, पानावर बोट ठेवून तिला सांगायला लागला. "या तीन तारा म्हंजे त्या पोरे. आन् हाई मोटर म्हंजे मी. या भाऊनी काढेल शे." तिने हे पुष्कळदा ऐकलेलं दिसत होतं. तरी ती माझ्याकडे बघून हसली.

मग रतनने माझ्याकडे तोंड केलं आणि माझ्या ओठांकडे बघत थांबला. "बराबर ना, भाऊ?"

मी त्याला नीट दिसेल असं तोंड उघडून म्हणालो, "हो."