दक्षिणेकडे तोंड

डहाणू रोडला नेणारी जीप पाड्याच्या रस्त्यावर हॉर्न मारत होती आणि मी घाईघाईत देवापुढे दिवा लावला. आई मागून ओरडली, "अगं बये, दिव्याचं तोंड दक्षिणेला? निघताना तरी नीट कर!" शेवटी तिनेच वात पूर्वेला वळवली.

कर्नाटकात, हुबळीला, सोलरच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी पहिल्याच दिवशी होकायंत्र हातात दिलं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, सावली कुठेच नको, कल अंशात मोजायचा. मला हसूच आलं. पाड्यावरच्यांनो, जिकडे आपण दिव्याचं तोंड करत नाही त्याच दिशेवर आता माझं पोट चालतं. उन्हाला आता तोंडातून कानडी 'बिसिलु' निघतं. एक साइट संपायच्या आत दुसरीचं ड्रॉइंग डोक्यात. सुट्टीत आले तरी अंगणात बसवत नाही, नजर आपली सगळ्यांच्या छपरांवर.

या दिवाळीत दोन पॅनेल आणि एक बॅटरी घेऊनच आले. लाइट गेली की आई एकटी अंधारात बसते, ते मला सहन होत नव्हतं. गोठ्याच्या पत्र्यावर नट लावून स्ट्रक्चर घट्ट केलं, कल हुबळीपेक्षा जरा जास्त ठेवला, घरात बल्ब लागला. आईने विचारलं, "तोंड कुठे गं त्याचं?" सांगितलं तर तरातरा बाहेर येऊन पत्र्याकडे बोट केलं.

"उतरव. तुझा बाबा गेला तेव्हा दहा दिवस दिवा तसा ठेवलेला. कायमचा नको माझ्या घरावर."

"सूर्य काय तुझ्या सोयीने फिरणार आहे?" मी खेकसले. वाईट बोलले, लगेच कळलं. चडफडत नट सैल केले आणि सगळं पूर्वेला फिरवलं. दुपारनंतर त्या पॅनेलचं काही खरं नव्हतं.

निघायच्या सकाळी आई गोठ्यापाशी उभी होती. "तुझं ते हुबळी कुठल्या अंगाला?"

मी हात केला. गोठ्याच्या पलीकडे, शेताच्याही पलीकडे, दक्षिणेला. आई बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"मग फिरव परत. तू तिकडंच असतेस ना."

सकाळची जीप सोडली. पाना घेऊन पत्र्यावर चढले आणि वर बसून मनसोक्त रडले.

माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, आता घर म्हणजे काय. इथे हुबळीत गच्चीवर दक्षिण सापडली, खडूने खूण केली, की मी एकदा उलटी वळते, उत्तरेला. कामावरची पोरं हाका मारतात, "मेडम, इकडे!" येते म्हणते, आणि अजून थोडा वेळ तिकडेच बघत राहते.