मिस्त्रींचा पेला

मुलांनो, आजवर मला भेटलेल्या माणसांत एकदाही खोटं न बोललेला माणूस एकच, आणि तो भिंगारला मोटारी दुरुस्त करतो. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मिस्त्रींनी घरापुढे पत्र्याची शेड टाकली आहे, आणि गिऱ्हाइकाला खरं सांगण्याचाच त्यांना पगार मिळत असावा अशा निष्ठेने ते बोलतात. बॉनेट ते लगेच उघडत नाहीत. आधी गिऱ्हाइकाला चपला काढायला लावतात, "पायाला कळू द्या जरा" म्हणून. मग स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरतात, तो तळहातावर घेऊन शेजारच्या सीटवर बसतात आणि गाडी चालवायला सांगतात. पाणी कुठे आणि किती सांडलं, यावरून त्यांना दुखणं कळतं. शेवगावचे एक बागाईतदार गाडी चढावर ओढत नाही म्हणून आले होते. पाण्याचा थेंब हलला नाही. मिस्त्रींनी ते पिऊन टाकलं आणि बागाईतदारांच्या जावयादेखत सांगितलं, "गाडी बेस हाय. तुमी क्लचवर पाय ठिवून बसताय. फुडच्या टायमाला त्यो पाय घरी ठिवून या." ते गृहस्थ आता स्वतःच हा किस्सा सगळ्यांना सांगतात.

तर तुमच्या आजोबांची गाडी, जिच्या मागच्या सीटवर तुम्ही एकमेकांच्या अंगावर झोपायचात, ती यंदा दचके देऊ लागली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की खालून टक् असा आवाज, पुन्हा दाबला की क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम हिसका. हे मी तुमच्या बाबांना फोनवर क्रमवार सांगितलं, ही माझी चूक. ते म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही, तुझ्या गुडघ्याला झालंय. आता किल्ली ठेवून दे. मी शाळेत आयुष्यभर पेपर तपासले आहेत, पेपर न तपासता लावलेला निकाल मी कसा मानणार? मिस्त्री पायाचा दोष म्हणाले तर त्याच दिवशी गाडी विकायची, असं आमचं ठरलं.

मी अनवाणी गाडी चालवली आणि कॅन्टोन्मेंटच्या झाडांखालून शेडकडे परतेपर्यंत अर्धा पेला मिस्त्रींच्या पँटवर होता. त्यांनी पेला पुन्हा भरून माझ्या हातात दिला आणि स्वतः चालवायला बसले. पहिल्याच हिसक्याला माझ्या साडीचा ओचा भिजला. ओली साडी इतकी गोड मला कधी लागली नव्हती. मग शेडपाशी त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, बॉनेट उघडलं आणि हँडब्रेक ओढून मला गिअर टाकायला आणि क्लच हळूच सोडायला सांगितलं; इंजिन जागच्या जागी उडी मारत होतं. ज्या रबरांवर ते बसतं, ती फाटली होती. पुढचं चाक हाताने मागेपुढे हलवलं की आत टक् वाजे. चाकाला ताकद पोचवणारा सांधा झिजला होता. ॲक्सिलरेटरची केबलही अडकत होती. "समदं ढिलं पडलंय, बाई," ते म्हणाले, "मंग गाडी आधी झोपती आन् दचकून उठती."

दोन दिवसांनी, हे सगळं बदलून झाल्यावर, पुन्हा परीक्षा झाली. मिस्त्रींनी चालवली, थेंब सांडला नाही. मी चालवली. वळणावर थोडं पाणी सांडलं आणि गतिरोधकापाशी आणखी थोडं. मी गाडी थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पँट झटकली, शेडमध्ये गेले आणि पेला भरून परत आले. दोन बोटं कमी. त्याच रस्त्याने आम्ही पुन्हा गेलो. पाणी सांडलं नाही.

"झालं. धाकल्या साहेबांना कळवा, दोष गाडीत हुता."

"मिस्त्री, पेला कमी भरलाय."

"काठोकाठ भरून कोन पितंय, बाई?"

तुमच्या बाबांना मी मिस्त्रींचं 'दोष गाडीत हुता' हे वाक्य जसंच्या तसं कळवलं. पेल्याचं फक्त तुम्हाला सांगते आहे. कर्जतला माझ्या बहिणीकडे मी आता एसटीने जाते, आणि ऊन उतरल्यावर गाडी काढत नाही. महिन्यातून एकदा मात्र सकाळी भिंगारला जाते आणि शेडसमोर चपला काढते. मिस्त्री न सांगता पेला घेऊन येतात आणि शेजारी बसतात. गेल्या खेपेला तो तीन बोटं कमी होता. मी तो पाहिला आणि गाडी सुरू केली.