इंग्रजी रविवार आणि भरिताची पंगत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शेवटी मला स्वतःलाच हसू आलं नव्हतं, तुम्हाला कुठून येणार!

तीन आठवडे माझी झोप उडाली होती. कारण काय? तिसरीतली माझी लेक, रेवा, वहीत 'पापा बनाना ईट्स' लिहून आली होती. त्यात टीचरने बोलावून सांगितलं, "ही वर्गात तोंडच उघडत नाही हो. घरी तरी बोलते ना?"

घरी? घरी तिला गप्प करायला तोंडात घास भरावा लागतो!

मी लगेच निदान केलं. पोरीला वाक्य जुळवता येत नाही, म्हणून ती घाबरते. माझं तेच झालंय. मराठी माध्यमात शिकून बी.एस्सी. झाले, पण माझं इंग्रजी वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस घरी पोचलेला असतो. हिचं असं व्हायला नको. धुळ्यात देवपूरला भाड्याने राहतो ते काय पांझरा नदीची हवा खायला? हिच्या शाळेसाठीच ना!

मग बसले शिकवायला. कर्ता, कर्म, क्रियापद. तिने जांभई दिली. पुन्हा सांगितलं. तिने मोठी जांभई दिली. आणि तेव्हा मला ते उदाहरण सुचलं. देवाशपथ, त्या क्षणी मी स्वतःला फार हुशार समजले.

"असोद्याला आजोबांकडे आपण जेवायला कसे बसतो?"

"आधी आबा आणि पप्पा."

"मग?"

"मग त्यांचं ताट येतं."

"आणि सगळ्यात शेवटी कोण बसतं?"

"तू."

"झालं तर! पप्पा म्हणजे कर्ता. ताटातलं केळं म्हणजे कर्म. आणि काम करून शेवटी बसते ती मी, क्रियापद. पप्पा, केळं, खातात. हे मराठी."

"आणि इंग्रजीत?"

"इंग्रजीत क्रियापद उठतं आणि सरळ कर्त्याच्या शेजारी जाऊन बसतं."

"त्याला कोणी रागावत नाही?"

"नाही गं. तिकडे पद्धतच तशी आहे."

पोरीचे डोळे असे चमकले म्हणता! पुढच्या चाचणीत वाक्यांना दहापैकी नऊ. मी हवेत. लगेच फर्मान काढलं, आपल्या घरात रविवार म्हणजे इंग्रजीचा दिवस, त्या दिवशी सगळं इंग्रजीच्या नियमाने चालणार. 'सगळं' हा शब्द नीट ऐकून ठेवा. माझाच आहे.

पण टीचरचा निरोप काही बदलेना. लिहिते, बोलत नाही. आता व्याकरण तर आलं, मग पोरगी अडते कुठे? पुन्हा झोप गेली.

अशात थंडी पडली आणि असोद्याहून माझ्या सासऱ्यांचा, आबांचा फोन आला. शेतात भरीत पार्टी, रविवारी, सगळ्यांनी यायचं.

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. पहिली पंगत बसली. आबा, माझा नवरा, दोन दीर, पोरंसोरं. आम्ही बायका कढईपाशी, पुऱ्या तळायला. इतक्यात रेवा पंगतीतून उठली, तडक आली आणि माझा हात धरून ओढायला लागली.

"आई, चल. तुझी जागा पप्पांच्या शेजारी आहे. आज रविवार!"

सासूबाईंचा झारा थांबला. "काय म्हनते वं पोरगी?"

रेवाने सांगितलं. अख्ख्या केळीच्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात! पप्पा पहिले, केळं मधे, आई काम करते म्हणून शेवटी. "पण ते मराठीत! आज इंग्रजी आहे!"

आणि हिला म्हणे वर्गात आवाज फुटत नाही!

नवऱ्याला एकाएकी भरितात काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं. जाऊबाई पदर तोंडात धरून गदगदत होत्या. आणि मी? वांग्यांसोबत मलाही जाळावर घाला, असं म्हणायच्या बेतात!

आबांनी घास खाली ठेवला. मी म्हटलं, संपलं आता.

"मंग, खरंच तं म्हनते पोरगी," आबा म्हणाले. "सरक रे तू. बस वं सूनबाई, थंड होईन भरीत."

बस म्हणाले हो! नवरा खरोखर सरकला. चटईवर एका माणसाची जागा झाली.

"जाय न वं," सासूबाई म्हणाल्या, "कायले उभी राह्यली? पुऱ्या मी पाह्यते."

सांगा, आता काय बाकी राहिलं होतं? दोन पावलं चालायचं आणि बसायचं.

"नाही नाही आबा, तुमचं होऊ द्या. मी बसते मागून."

हे माझ्या तोंडून गेलं. इतकं चटकन, इतकं बिनचूक! कर्ता, कर्म काही शोधावं लागलं नाही. नवऱ्याने थोडी वाट पाहिली. मग दिराने मांडी पसरली आणि चटई पुन्हा भरली.

रेवा पंगतीत परत गेली नाही. माझ्याजवळ कढईपाशी येऊन बसली. फुगणाऱ्या पुऱ्या बघत राहिली. मलाच राहवेना.

"रागावलीस?"

तिने मान हलवली. नाही.

"टीचरने मला उठवलं ना आई," ती म्हणाली, "की मी पण असंच म्हणते. आधी बाकीच्यांचं होऊ द्या."