टकरची किंमत आठ पॉइंट

संपतराव शेलारांच्या उजव्या हाताची बोटं चार दिशांना जायची. त्यांनी हात करून रस्ता दाखवला की विचारणाऱ्याला कुठल्या बोटाचं ऐकायचं ते कळायचं नाही. खडकीतल्या एका कारखान्याच्या क्रिकेट संघात बावीस वर्षं विकेटकीपिंग केल्याची ही पावती.

"बावीस वर्षं उकिडवं बसून मिळालं काय?" यमुनाबाई गवार मोडता मोडता विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या, "गुडघे होते, तेही गेले."

मिळाली नव्हती ती ढाल. सर्वोत्तम कीपरची ढाल दर वर्षी दुसऱ्या कारखान्याचा गेनबा काळभोर न्यायचा, कारण त्याचे स्टंपिंग जास्त. "असणारच," संपतराव सांगायचे. दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं. "गेनबा मागे असला की फलंदाज बागेत निघाल्यासारखे पुढे जायचे. दहातले दोन सापडायचे. मी असलो की डिंकानं चिकटवल्यासारखे क्रीजमध्ये. माझ्याकडे मरायला येणार कोण? आणि वहीत मोजायचे फक्त मेलेले."

दोन हजार पाच साली त्यांची मुलगी भाग्यश्री हडपसरच्या एका कंपनीत कम्प्युटर गेम तपासायला लागली. गेम अमेरिकन बेसबॉलचा. त्यात आपण खेळायचं नाही. शंभर पॉइंटांत खेळाडू घ्यायचे, बटण दाबायचं, की कम्प्युटर अख्खा मोसम दहा मिनिटांत खेळून मोकळा. सहा टेस्टरांनी आपसात लीग काढली होती. जो शेवटचा येईल त्यानं महिनाभर गेटबाहेरून सगळ्यांचे वडापाव आणायचे. भाग्यश्री दोनदा शेवटची आली होती. वडापाववाला आता तिला न विचारताच सहा बांधायचा.

रविवारी तिनं खेळाडूंची यादी जेवणाच्या टेबलावर पसरली.

"बाबा, कॅचर म्हणजे तुमच्यासारखाच, बॅट्समनच्या मागे उकिडवा. रनर चोरून पुढच्या बेसवर पळाला की यानं बॉल फेकून त्याला आउट करायचं. हा बंडी घेऊ? साठ आउट केलेत. तीस पॉइंट."

"पळाले किती?"

"एकशे नव्वद."

"म्हणजे एकशे तीस सुटले. गेनबा आहे हा. त्याच्या खाली कोण?"

"टकर. सोडा हो. वर्षात चार आउट. म्हणून तर आठ पॉइंट."

"पळाले किती?"

"पाच."

संपतरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि जत्रेत हरवलेला भाऊ सापडल्यासारखं त्या नावाकडे पाहिलं. "अख्ख्या वर्षात पाचच जणांची छाती झाली. ह्याला घे."

तिनं घेतला. टीम लीड शाहिद खुर्ची गरागरा फिरवत म्हणाला, "टकर? सीरियसली, भाग्या? यार, तो बंदा काही करतच नाही."

टकरसमोर कोणी पळेना, उरलेल्या ब्याण्णव पॉइंटांत बॅट्समन तगडे आले, आणि भाग्यश्री पहिली आली. शाहिद शेवटचा. घरी तिनं हे सगळं शाहिदच्या आवाजात करून दाखवलं. संपतरावांनी घास खाली ठेवला.

"ढाल कोणाला?"

"बेस्ट कॅचर ना? ते गेमच ठरवतो. बंडीला दिलं. पण मी पहिली आले, बाबा."

"ढाल बंडीला." त्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली. "गेम चुकतोय. चुका शोधायचाच पगार घेतेस ना? मग लिही."

"लिहिलं तर त्याची किंमत वाढेल. गप्प बसले तर दर मोसमात आठ पॉइंटांत मलाच मिळेल."

"हं. स्वस्तात बसतोय तोवर बसू दे. बरोबर आहे."

संपतरावांचं हे रुसलेलं 'बरोबर आहे' ऐकून यमुनाबाईंनी हात टेकले. "लिही गं बाई. नाहीतर रात्रभर मला गेनबा ऐकावा लागेल."

संपतरावांनी स्वतः मजकूर सांगितला: 'सदर खेळाडूची दहशत जमेस धरलेली नाही. तरी योग्य ती दुरुस्ती व्हावी.' भाग्यश्रीनं 'सदर' गाळून त्याचं इंग्रजी केलं. तीन आठवड्यांनी अमेरिकेतून उत्तर आलं, तुमचं म्हणणं खरं आहे. नव्या आवृत्तीत टकरची किंमत एकेचाळीस झाली आणि बंडी घसरून आठवर आला.

कोणी आधी निवडायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. पहिली निघाली शाहिदची. "टकर तर लेजंड आहे. मी आधीपासून म्हणतोय," असं म्हणून त्यानं टकरला उचललं. निवडत निवडत पाळी भाग्यश्रीपर्यंत आली तेव्हा कॅचरांत उरला होता एकटा बंडी. त्याच्यासमोर दोनशे तीन जण पळाले. भाग्यश्री शेवटची आली.

वडापावच्या पहिल्या दिवशी संपतराव खडकीहून दोन बस बदलून हडपसरला हजर. "सहा वडापाव एकटी कशी आणशील?" असं कारण. पिशवी त्यांनीच धरली. गेटवर शाहिद भेटला.

"काका, गेममधली ती टकरची चूक तुम्हीच शोधली ना? थँक्स हां."

"टकर कसा आहे?"

"एकदम मस्त, काका. कोणी पळतच नाही. काल त्याला बेस्ट कॅचरपण मिळालं."

संपतरावांनी चार दिशांच्या बोटांनी पिशवीतून एक वडापाव काढून शाहिदच्या हातावर ठेवला. मग दुसरा काढून त्यावर ठेवला.

"हा कोणाचा?"

"टकरचा."

बाकीचे चार वर जाऊन वाटले गेले. भाग्यश्रीनं पिशवीत हात घातला तेव्हा तिच्या वाट्याला तळलेल्या मिरच्या उरल्या होत्या.