दोन वह्या आणि कानातली शिट्टी

मालवणच्या बंदरावर तीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त करून बाप्तिस्तच्या कानांत कायमची शिट्टी बसली होती. यावर खात्रीचं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. २००७ साली जर्मनीत नर्स असलेल्या त्याच्या मुलीने, एलिनाने, घरी वापरायचं लेझरचं यंत्र पाठवलं. रोज वीस मिनिटं कानात लाल उजेड सोडायचा.

आठवड्याभरात शिट्टी कमी झाल्यासारखी वाटली. पण खरंच यंत्राने की नुसत्या आशेने? मेकॅनिक माणसाला चैन पडेना. त्याने बायकोला बोलावलं.

"अँजेलिना, मी डोळे मिटून बसतंय. बटण कधी दाब, कधी दाबू नको. माका सांगू नको."

"मगे वहीत लिवू?"

"व्हय. मी माझ्या वहीत शिट्टी किती ती लिवतंय."

दीड महिन्याने दोघांनी वह्या शेजारी ठेवल्या. बटण दाबलं काय, न दाबलं काय, शिट्टी तेवढीच. अँजेलिना हिरमुसली. बाप्तिस्त मात्र पानं उलटतच राहिला. दर रविवारी शिट्टी बारीक होती. रविवारी तो चर्चमध्ये मिस्साला जाई, इंजिनांकडे नाही.

त्याने एलिनाला फोन लावला. "यंत्राचो माका उपयोग नाय गो. कान झाकूक कायतरी धाड."

पुढच्या पार्सलातून कानांवर चढवायची जाड टोपणं आली. ती घालून तो इंजिनांपाशी बसू लागला. शिट्टी गेली नाही, पण सोमवार रविवारसारखा जाऊ लागला.