केक विचारायला येणाऱ्या बायका

१९९८ साली मी रत्नागिरीत दवाखाना उघडला तेव्हा गावाला डॉक्टरची गरज आहे, अशी माझी समजूत होती. गावाची तशी समजूत नव्हती. आमच्या आळीत एक जुने डॉक्टर होते. त्यांनी आजोबांपासून नातवांपर्यंत सगळ्यांना गोळ्या दिलेल्या, त्यामुळे त्यांना सोडून माझ्याकडे येणं म्हणजे जवळजवळ फितुरीच. त्यांचा दवाखाना बंद असला की लोक सर्दी-पडसं घेऊन माझ्याकडे यायचे आणि जाताना "उद्या डॉक्टरांना दाखवतोच" असं मलाच सांगून जायचे. कुणीतरी आपलं खरं दुखणं विश्वासाने माझ्यापुढे ठेवावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी पदवी भिंतीवर लावली. ती कुणी वाचेना म्हणून तिला मोठी चौकट करून घेतली.

वेळ भरपूर होता. घर दवाखान्याच्या मागेच, म्हणून मी केक करायला लागले. गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी. त्या खिडकीशी मी अशी बसायचे की जणू आत कुणी अत्यवस्थ आहे. मधेच वीज गेली की केक बसायचा, आणि बसलेला केक नवरा निमूटपणे बँकेत नेऊन सहकाऱ्यांना वाटायचा. एका मराठी वाहिनीवर केक-बिस्किटांची स्पर्धा होणार असल्याची जाहिरात त्यानेच पाहिली आणि मला न विचारता माझं नाव धाडून दिलं. "नाहीतरी दवाखान्यात काय करतेस?" म्हणाला. मी भयंकर चिडले आणि मग साडी कुठली नेसायची त्याचा विचार करायला लागले.

मुंबईच्या त्या स्टुडिओतल्या ओव्हनला इतकी बटणं होती की मी आधी हात मागे घेतला. मी धोंडस केलं होतं, म्हणजे काकडी, गूळ आणि तांदळाच्या रव्याचा आपला कोकणातला केक. घरी तो निखाऱ्यांवर होतो, वरच्या झाकणावरही निखारे ठेवतात. मी तिथल्या माणसाला करवंट्यांचे निखारे मिळतील का असं विचारलं, तर तो मला पाणी घेऊन आला. धोंडस कसंबसं झालं. सूत्रसंचालिकेने विचारलं, "आतून शिजलंय हे कसं ओळखायचं?" कुणीही शहाणी बाई सुरी खुपसून दाखवेल. माझ्या डोळ्यांवर दिवे, आणि हात सवयीचे गुलाम. डावा पंजा मी धोंडसावर पसरला आणि उजव्या बोटाने त्यावर टकटक केलं, पोटात पाणी झालंय का ते आम्ही बघतो तसं. कान जवळ नेला आणि गंभीरपणे म्हटलं, "पाणी नाहीये."

स्टुडिओ हसून लोटपोट झाला. माझा चौथा नंबर आला. स्पर्धक चारच होते.

पण वाहिनीने तो तुकडा जाहिरातीत घातला आणि तो येता-जाता दिसायला लागला. मासळीबाजारात सुरमई कापणारी बाई हात थांबवून शेजारणीला म्हणाली, "ह्याच त्या, केक तपासणाऱ्या." डॉक्टरांच्या संमेलनात मी बायकांमधल्या रक्तक्षयावर बोलायची तयारी दाखवली होती, तर माझ्याकडे अल्पोपाहाराची जबाबदारी आली. ती मी पार पाडली, आणि पॅटिस कमी पडले नाहीत याचा मला अभिमानही वाटला.

दवाखाना आता भरायला लागला. बाकावर बायकाच बायका, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या पिशवीत बसलेला केक. मी सवयीने नाडी धरली की हात काढून घ्यायच्या. "मला काही झालेलं नाही हो, केक मधे का फाटतो ते सांगा." तापाने फणफणलेला माणूस ही गर्दी बघून जुन्या डॉक्टरांकडे वळायचा. माझं रोज डोकं फिरायचं. पूर्वी निदान रिकामी खुर्ची माझा अपमान तरी करत नव्हती.

अशात पावसकडची एक चाळिशीची बाई आली. आठवड्यापूर्वीच तिने केकची सगळी कृती विचारून नेली होती, आणि आता पुन्हा तेच विचारत होती. मी म्हटलं, "अहो, इथे रोगी तपासतात." ती उठली नाही. माझी मदतनीस बाई बाहेर जाईपर्यंत थांबली.

"रागावू नका, बाई," ती म्हणाली. "घरात सांगून आल्येय, टीव्हीवरच्या बाईला केक विचाराया जात्येय. डाक्टरकडं जात्येय म्हटलं तर सगळी विचारीत बसतील, काय झालाय तुला. मागल्या खेपेला धीरच झाला नाय."

तिने पदर बाजूला केला. डाव्या स्तनात गाठ होती, हाताला कडक लागली. गणपतीपासून आहे, म्हणाली. तेव्हा शिमगा उलटून गेला होता. जुन्या डॉक्टरांना का नाही दाखवलं, असं विचारलं तर म्हणाली, "ते पुरुष. आणि सासऱ्यांच्या वळखीचे."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते समोर आलं होतं, आणि मला ते नको होतं. मी तिला उद्याच नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं, त्याच्याशी मी बोलेन म्हटलं, मुंबईला जावं लागेल म्हटलं. तिने मान हलवली, पदर सावरला, आणि तरी बसून राहिली.

"आता केकचा खरंच सांगा. घरी विचारतील, काय शिकून आलीस."

मी सांगायला लागले. मैदा चाळायचा, लोणी फेसायचं. साखरेपाशी माझा आवाज बसला. ती माझ्याकडे बघत थांबली, जणू आजारी मीच आहे. मग तिनेच हळूच विचारलं, "अंडी किती?"

तिचं ऑपरेशन वेळेत झालं. ती बरी झाली.

त्यानंतर मी बाकावरच्या गर्दीकडे नीट बघायला लागले. एकच कृती पुन्हापुन्हा विचारणाऱ्या त्यात बऱ्याच होत्या. कुणाला अंगावरून जायचं, कुणाला दिवस राहत नव्हते, एकीला नवरा मारायचा. आता कुणी केक विचारायला आली की मी आधी दार लोटून घेते. एखादीला खरोखर केकच हवा असतो, ती बिचारी घाबरते.