पाण्यातला चारा

आमच्या बिडकीनजवळच्या शेततळ्यात काही मासे मरून उलटे तरंगत होते. डोकी मोठी, अंगं काडीसारखी. माझा म्हातारा नवरा मात्र पाणी आरशासारखं नितळ झालं म्हणून खूश.

मी म्हटलं, "अहो, ते हिरवट बारीक जीव म्हणजेच माशांचा चारा. तो संपला. एवढ्याशा रानात एवढी मेंढरं सोडली असती का तुम्ही?"

"समुद्रात कोण बघतं गं चारा?"

"तिथंबी हिरवं असेल तेवढीच मासळी."

मग जाळं ओढलं. मासे तोंडावर आपटत होते, सुना हसून लोळत होत्या, म्हातारा तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकवरून घसरून धपकन आत गेला. अर्धे मासे काढून वाटले, तळ्यात शेण कालवलं. काही दिवसांत पाणी पुन्हा हिरवं झालं.

उरलेले मासे जगले. म्हाताराही जगला; त्याला पोहता येत नाही, जाळ्यानंच ओढून काढला होता.